गापेने डोणी थांबवली

आमच्या शाशेरे गावात आलेल्या पाहुण्याला पहिल्या चहाबरोबर एक बातमी मिळतेच, की काठीने पाणघोडा मारणारी बाई इथेच राहते. काठी त्याच्या डोळ्यात खुपसली म्हणे. कुणी सांगतं, घशात. मागच्या वर्षी एक जण तर तिच्या दारात उभा राहून पाणघोड्याची कवटी कुठे ठेवलीय म्हणून विचारत होता. मी कुंपणावरून त्याला सांगितलं, कवटीचं आम्ही उकळून सार केलं. बिचारा मान डोलावत गेला.

खरं सांगायचं तर गापेने आजवर पाणघोडा सोडाच, कोंबडीसुद्धा मारलेली नाही. घरात कार्य निघालं की ती कोंबडी बगलेत धरून आमच्या अंगणात येते, माझ्या हातात देते आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहते. पिसं काढायला मात्र बसते, तेवढी लाज आहे. त्या सकाळी डोहावर तिने केलं ते एवढंच, की डोणी थांबवली. तेवढ्यावरून गावात आजही चुलीचुलीशी दोन पक्ष पडतात.

तिचं पूर्ण नाव मोसेत्सानागापे. अर्थ सरळ आहे, ‘पुन्हा मुलगीच’. घरात आधीच तीन होत्या, त्यात ही चौथी, तेव्हा बापाने नाव शोधायला फार डोकं शिणवलं नाही. पुढे तो दक्षिणेला खाणीत कामाला गेला आणि तिकडेच रमला. कुणाबरोबर रमला तेही मला ठाऊक आहे, पण तो विषय वेगळा. घराचा कारभार आईच्या भावाकडे आला. लग्न असो की मयत, आमच्यात मामाचा शब्द बापाच्या वर असतो, आणि ओलेबिलेमामाला शब्दांची टंचाई कधीच नव्हती.

डोणी चालवण्यात मात्र तो पट्टीचा. एका खोडातून कोरलेली ती अरुंद डोणी, तिच्या मागच्या टोकावर उभं राहायचं, टोकाला बेचकं असलेली लांब काठी चिखलात रोवायची आणि रेटायची. मामा हे करताना एकदाही खाली बघायचा नाही. बघणार कसा, तोंड चालू असायचं. मासे काठीला भीत नाहीत, याच्या बडबडीला भितात, असं त्याचीच बायको म्हणायची. त्याचा एक नियम होता. मागच्या टोकावर बाई उभी राहिली की पाणी रुसतं. बाईने पुढे बसावं, जाळं आवरावं आणि आत झिरपलेलं पाणी डब्याने उपसावं. गापे चौदा वर्षांची झाली तरी उपसतच होती.

पण मामाला ठाऊक नसलेली एक गोष्ट गावातल्या सगळ्या बायकांना ठाऊक होती. आमच्या कुंपणाशी एक जुनी, बुडाला चीर गेलेली डोणी पडून असायची. चिरेत डांबर आणि चिंध्या कोंबून आम्ही बायका तीतून कमळाचे कंद काढायला जायचो. कमरेएवढ्या पाण्यात उतरून, चिखलात पायाने चाचपून कंद उपटायचे. पुरुष तिकडे फिरकत नाहीत. खायला मात्र वेळेवर येतात. आता पुरुष नाही म्हटल्यावर मागच्या टोकावर कुणी तरी बाईच उभी राहणार. ती गापे. अगदी लहान, काठी तिच्या तिप्पट, तेव्हापासून. पाणी रुसल्याचं आमच्या तरी पाहण्यात आलं नाही.

ती बोलायची कमी. आजही तसंच आहे. नवरा तिने वाळवंटाकडचा केला, त्याला गुडघाभर पाण्यातही घेरी येते; तो दुकानात बसून मीठ-साखर विकतो आणि ही डोणी हाकते. लोक हसले. मीही हसले, कुंपणाच्या अलीकडून, तिला ऐकू जाईल असं. तिने वळूनही पाहिलं नाही.

कंदांची जागा होती सासऱ्याच्या डोहाशेजारी. डोहात पाणघोड्यांचा कळप, आणि त्यातल्या थोरल्या नराला आम्ही बायका सासरा म्हणतो. एक कान फाटून लोंबतो, नजर वाईट, आणि समोर जायचं तर खोकून जावं लागतं. आमचं खोकणं म्हणजे काठी डोणीच्या काठावर आपटायची. ठक ठक आवाज झाला की खाली बसलेले सगळे एकेक करून डोकं वर काढतात, कोण आलं ते बघायला. कोण कुठे आहे ते कळलं, की उरलेल्या जागेतून माणसाने निघायचं. न खोकता डोहात शिरणारा एक तर परका असतो, नाही तर प्यालेला.

त्या वर्षी पूर लवकर आला. आमच्याकडे पाणी थंडीत चढतं, दूर उत्तरेच्या डोंगरात महिन्यांपूर्वी पडलेल्या पावसाचं. आभाळ कोरडं ठणठणीत, आणि खाली मात्र रोज गवताचा एक नवा पट्टा बुडालेला दिसतो. छपरासाठी गवत हवं होतं, म्हणून मामा गापेला घेऊन ताडबेटावर गेला आणि दोघं तिथेच मुक्कामाला राहिली. सकाळी तांबडं फुटता फुटता मामा चहाचीही वाट न बघता विळा घेऊन निघाला. गापे चुलीशी फुंकर घालत होती.

पाणघोडे रात्रभर बेटावर चरतात आणि उजाडताना पाण्याकडे परततात. त्यांच्या आणि पाण्याच्या मध्ये उभं राहायचं नाही, हे आमच्याकडे पाठीवर बांधलेल्या पोरालाही माहीत असतं. मामा मध्ये उभा नव्हताच, त्याच्या हिशेबाने. ओढा होता पूर्वेला. मामा त्याच्या उलट बाजूला, पश्चिमेच्या खोलगटाकडे पाठ करून गवत कापत होता. हा खोलगट दर वर्षी सगळ्यात शेवटी भरतो. त्या वर्षी तो रातोरात भरला होता. मामाच्या पाठीमागे पाणी लकाकत होतं आणि मामाच्या डोक्यात अजून गेल्या वर्षीची कोरडी जमीन होती. ही चूक आमच्यातलाच माणूस करू जाणे. परक्याला जुनं पाणी कुठे होतं हेच माहीत नसतं, तो चुकणार कशाला?

गवतातून तो आला तेव्हा मामा माझ्याच नावाने काही तरी बडबडत होता, असं नंतर कळलं. माझ्या बकऱ्यांनी त्याचा भोपळ्याचा वेल खाल्ला होता. पाणघोड्याने त्याची मांडी तोंडात धरली, एकदा हिसडली, मामाला बाजूला टाकलं आणि थेट खोलगटातल्या पाण्यात गेला. बस एवढंच. त्याला मामाशी काही देणंघेणं नव्हतं, वाटेतली अडचण दूर केली. गापे धावत आली तेव्हा त्याची पाठमोरी आकृती पाण्यात उतरत होती.

मांडीचं हाड मोडलेलं, आणि मांस असं उघडं पडलेलं की त्याबद्दल मी जेवणाच्या वेळी कधी बोलत नाही. गापेने डोक्याचा रुमाल सोडून जखमेत कोंबला. गवताच्या पेंढ्या बांधायची दोरी मांडीच्या वर आवळली, आत काटकी घालून पिळली. मामा म्हणाला, तू धाव, गावातून माणसं आण. तिने आजूबाजूला पाहिलं. रक्त जमिनीवर पसरलेलं, आणि रात्री तरसं कुठल्या बाजूला हसत होती ते तिने ऐकलेलं. ती माणसं आणायला गेली नाही. पेंढ्या डोणीच्या तळाशी अंथरल्या, मामाच्या काखेत हात घातले आणि त्याला ओढत नेलं. मामा ओरडला तेव्हा ताडांवरचे पक्षी उठले.

त्याला आडवं करून ती डोणीच्या मागच्या टोकाकडे गेली.

“पुढे बस,” मामा म्हणाला.

“मग रेटणार कोण?”

मामाने जरा विचार केला. “पाणी रुसेल.”

“रुसू दे. पुढच्या आठवड्यात समजूत काढू.”

मोठ्या ओढ्याने गेलं तर वळणं घेत घेत सेरोंग्याच्या दवाखान्यात पोचायला दिवस मावळतो. सासऱ्याच्या डोहातून आडवं गेलं तर ऊन चढायच्या आत. दोरी आवळली तरी पेंढ्या भिजत होत्या. डोहातून जायचं, यावर दोघांचं एकमत झालं. त्या दिवसातलं ते पहिलं आणि शेवटचं.

लव्हाळ्यातल्या चिंचोळ्या वाटेने डोणी निघाली. दोन्ही बाजूंनी लव्हाळा डोक्याच्या वर, पुढचं वळण वळेपर्यंत दिसत नाही. बुडाशी पाणी झिरपत होतं, त्यात रक्त मिसळत होतं, आणि उपसणारी पोरगी आता मागे उभी होती. डोणी जड होऊ लागली. गापेने डबा पायाने मामाकडे ढकलला.

“मामा, उपसा.”

पडल्या पडल्या, मोडक्या पायाने, गावातला सगळ्यात नावाजलेला डोणीवाला पाणी उपसू लागला. शिव्या देत, पण उपसत होता. त्याच्या शिव्यांत आता गापे होती, तिची आई होती, खाणीत गेलेला बाप होता, माझ्या बकऱ्याही होत्या.

लव्हाळा संपला आणि डोह समोर आला. काचेसारखा सपाट, वर कोवळं ऊन. एकही डोकं दिसत नव्हतं. गापेने डोणी काठाच्या बोरूत अर्धी ठेवली आणि काठी डोणीच्या काठावर आपटली.

काही नाही. पुन्हा आपटली.

मग पलीकडच्या काठाशी पाणी फुटलं. एक डोकं, दुसरं, माद्या, एक पिल्लू आईच्या पाठीला चिकटलेलं, मागून आणखी माद्या. सगळा कळप एका कोपऱ्यात, कान फडफडवत, इकडे बघत. मधलं पाणी मोकळं. डोहाचं पलीकडचं तोंड समोर दिसत होतं, आणि त्या तोंडातून पुढे थेट सेरोंगा.

“मोकळं आहे. चल,” मामा म्हणाला.

गापे हलली नाही. कळपात फाटका कान नव्हता.

मामाने मान वर करून पाहिलं आणि त्याच्याही ते लक्षात आलं, पण त्याच्याकडे उत्तर तयार होतं. ज्याने त्याला धरलं तोच तर थोरला. तो आत्ता ताडबेटाच्या खोलगटात बसलाय, इथे कुठून येणार? हे म्हणणं अगदीच वेड्यासारखं नव्हतं. त्याच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं, आणि अधिक मोठ्याने.

“तो नव्हता,” गापे म्हणाली. “त्याचे दोन्ही कान शाबूत होते.”

“उजाडायच्या आत तुला कान दिसले?”

“पाठमोरे दिसले.”

मग सुरू झालं. भित्री. पळपुट्या बापाची. मामाच्या मरणावर टपलेली. ताडबेटापासून राखून ठेवलेल्या होत्या नव्हत्या त्या सगळ्या शिव्या मामाने तिथे खर्च केल्या. गापेने काठीचं बेचकं चिखलात घट्ट रोवलं, एका हाताने बोरूचा झुपका धरला आणि पाण्याकडे बघत राहिली. नजर कळपावर नव्हती. मधल्या मोकळ्या पाण्यावर होती.

पाणघोडा खाली बसला की आपल्याला वाटतं त्याहून कितीतरी जास्त वेळ बसतो. ऊन चढत गेलं. माश्या आल्या, त्या कशाला आल्या ते सांगायला नको. डब्याचा आवाज मंदावला. मामाच्या शिव्या संपल्या आणि त्यानंतर जे आलं ते गापेला अधिक जड गेलं. मामा विनवू लागला.

“पोरी, मी जातोय गं. तुझ्या आईला काय सांगशील? तुझ्यासमोर मेला म्हणून सांगशील?”

गापेने काठी उपसून पुन्हा एकदा आपटली आणि परत चिखलात रोवली. कळपातल्या माद्यांनी कान हलवले. मधलं पाणी जसंच्या तसं.

मग मामाने ते केलं, जे त्याने दुसऱ्या कुणाला करताना पाहिलं असतं तर त्याचं थोबाड फोडलं असतं. तो कुशीवर वळला, हात पाण्यात घातला आणि डोणी स्वतःच वल्हवू लागला. बोरूचा झुपका गापेच्या मुठीतून सुटला. डोणीचं टोक मोकळ्या पाण्यात गेलं, हातभर, मग दोन हात. गापेने अख्खं अंग काठीवर टाकलं. बेचकं चिखलातून निसटतं की काय असं झालं, पण धरलं. डोणी थांबली, थरथरली, आणि इंचाइंचाने मागे बोरूत आली.

“कशाला थांबवतेस,” मामा केकाटला, “तिथे काही नाहीये.”

तिथे पाणी फुगलं.

आधी नुसता फुगवटा, जसं दूध वर येताना साय उचलते तसा. मग पाठ, मग डोकं. डोणीचं टोक आत्ता जिथे होतं तिथून माणूस थुंकेल एवढ्या अंतरावर. त्याने श्वास सोडला तेव्हा तुषार मामाच्या तोंडावर पडले. फाटका कान पाण्यातून वर आला आणि ओल्या चिंधीसारखा गालाला चिकटला. मामाने स्वतःची मूठ तोंडात कोंबली.

सासऱ्याने तोंड उघडलं. आत किती जागा आहे ते दाखवून ते मिटलं. गापेने काठी पाण्यातून काढली नाही, मान फिरवली नाही, पापणी लवली असेल तर तेवढीच. त्याने बराच वेळ पाहिलं. मग त्याला कंटाळा आला असावा. तो वळला आणि पाण्याला मोठी घडी पाडत कळपाकडे निघाला. मधेच थांबून त्याने एकदा मागे बघितलं. कळपात शिरून त्याने एका मादीला बाजूला रेटलं, आणि फाटका कान तिथे, बाकीच्या कानांत, दिसू लागला.

तेव्हा कुठे गापे निघाली. मधून नाही, काठाने, कमळाच्या पानांवरून, जिथे पाणी कंद काढण्याइतकंच उथळ आहे आणि त्याला बुडून येता येणार नाही. पानं बुडाला घासत होती, डोणी जेमतेम सरकत होती. अर्ध्या वाटेवर पाठीमागे पाणी उसळल्याचा आवाज झाला. मामा तिकडे तोंड करूनच पडला होता, त्याला दिसलं: सासरा कळप सोडून इकडे सुटला होता, पुढे पाण्याची भिंत. मामा बोंबलला. गापेने मागे पाहिलं नाही. काठी रोवायची, रेटायची, उपटायची, पुन्हा रोवायची. उथळात येऊन तो थांबला. त्याची लाट मात्र डोणीपर्यंत आली आणि तिला ढकलत डोहाच्या तोंडातून बाहेर घेऊन गेली.

मामा पुढच्या वाटेवर गप्प बसला असेल असं कुणाला वाटत असेल, तर ते मामाला ओळखत नाहीत. डावीकडे घे, उजवीकडे घे, काठी अशी धर, तशी धरू नकोस. सेरोंग्याच्या धक्क्याला लागेपर्यंत तो तिला डोणी चालवायला शिकवत होता. दवाखान्यातल्या नर्सलाही त्याने पट्टी कशी बांधायची ते सांगितलं. गापेच्या तळहातांची सालं निघाली होती. ती बाहेर पायरीवर बसली आणि कुणी तरी दिलेली गोड पुरी तिला हातात धरता येईना, तेव्हा गुडघ्यावर ठेवून, वाकून खाल्ली.

मामाला विमानाने माउनच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. पाय वाचला, पण आखूड झाला. डोणीवर उभं राहण्यापुरता तोल त्यात उरला नाही. तो परत आला तेव्हा पूर ओसरला होता, आणि तोंड होतं तसंच होतं. मग तो गोष्ट सांगू लागला. सफारीच्या तळावरच्या पाहुण्यांना सांगायचा, माझ्या भाचीने काठीने पाणघोडा मारला. पाहुणे खूष, आणि दर वेळी पाणघोडा हातभर वाढायचा. गावात उंबराखाली सांगायचा, मी रक्तात लोळत होतो आणि या पोरीने डोणी थांबवून ठेवली. दोन्ही गोष्टी एकाच तोंडातून. सकाळी एक, संध्याकाळी दुसरी.

दुसऱ्या गोष्टीचं ओझं जास्त झालं. मामाचा पाय अधू झाल्यावर त्या घरात मिळवणारं कुणी राहिलं नव्हतं. थोरल्या तिघी आपापल्या घरी गेल्या होत्या, आई टोपल्या विणायची, त्यावर किती दिवस निघणार? गापेने डोणीवाल्यांच्या बैठकीत जाऊन मामाची जागा मागितली. माणसं बसवायची, पाहुणे न्यायचे, मागच्या टोकावर उभं राहायचं. असं आजवर कुठल्या बाईने मागितलं नव्हतं, आणि ही तर धड बाईही नव्हती.

उंबराखाली सगळे जमले. आम्ही बायका पुरुषांच्या मागे, पण ऐकू येईल एवढ्या जवळ बसलो. मामा कुबडीवर उभा राहिला आणि आधी पाणी रुसण्याचं बोलला. ते कुणाला फारसं पटलं नाही. मग तो डोहावरचं बोलला, आणि तिथे मात्र माणसांच्या माना खाली गेल्या. डोळे मिटत चाललेला माणूस समोर पडलाय, विनवतोय, आणि ही काठी रोवून उभी. उद्या आपली बायकापोरं हिच्या डोणीत बसली, कुणाला साप चावला, कुणाला कळा सुटल्या, तर ही अशीच उभी राहील? सासरा कुठे वर आला ते मामाने सांगितलं नाही. ते गापेनेही सांगितलं नाही. ती जमिनीकडे बघत उभी होती आणि तिच्या तळहातांवर अजून नवी गुलाबी कातडी होती.

बैठकीचा म्होरक्या म्हणजे त्शेकोचा बाप, आमच्या रीतीप्रमाणे पोराच्या नावावरून सगळे त्याला रा-त्शेको म्हणतात. म्हातारा, सावकाश बोलणारा, आणि काय वाटेल ते झालं तरी दुसऱ्या बाजूचं ऐकल्याशिवाय न उठणारा. त्याने गापेला पुढे बोलावलं.

“पोरी, मामाला तू बापाच्या ठिकाणी मानतेस. तो रक्ताने न्हाला होता, ओरडत होता, तुझ्या हातापाया पडत होता. हे खरं ना?”

गापेने हो म्हणून मान हलवली.

“मग तुला घाई करावीशी नाही वाटली?”

“मामा ओरडत होता तोवर जिवंत होता,” गापे म्हणाली. “गप्प झाला असता, तर घाई केली असती.”